ताईचं ऑफिस बीकेसीला, दाजींचं ऐरोलीला, मग घर कुठे? नाशिकहून मुंबईत आलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, मी यात त्रयस्थ नाही. ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे, तिला विचारून लिहितोय, नावं टाकलेली नाहीत आणि भाड्याचे आकडे थोडे गोल केलेत. मी स्वतः डोंबिवलीत राहतो आणि पहिल्या दिवसापासून माझं म्हणणं एकच होतं की इकडे या, त्यामुळे डोंबिवलीबद्दल मी जे लिहीन ते त्या हिशोबाने वाचा.

पार्श्वभूमी

ताई ३८ वर्षांची, फायनान्समध्ये आहे. नाशिकला इंदिरानगरला स्वतःचा टूबीएचके, ऑफिस स्कूटीवर १२ मिनिटं, दुपारी घरी येऊन जेवून जायची इतकं निवांत. फेब्रुवारी २०२४ला बदलीची ऑर्डर आली, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स, आठवड्यात ३ दिवस ऑफिस आणि २ दिवस घरून. दाजी आयटीत, त्यांनीही मग मुंबईत शोधायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये त्यांना ऐरोलीत नोकरी मिळाली, वेळ सकाळी ११ ते रात्री ८. भाची चौथी संपवून पाचवीत जाणार. आणि चौथ्या मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे, आणि ‘मी एकटी नाशकात राहणार नाही’ हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं.

मार्च-एप्रिल ताईने पंचवटी एक्सप्रेसने अपडाऊन केलं. नाशिकहून रोज मुंबईला पास काढून जाणारे खूप लोक आहेत, वर्षानुवर्षं करतात, त्यांचे ग्रुप आहेत, वाढदिवस गाडीत होतात. तिला वाटलं आपणही करू, ३च तर दिवस आहेत. पण सकाळी सहाला घर सोडायचं, ठाण्याला उतरून कुर्ल्याची लोकल, ऑफिसात अकरा, परत साडेपाचला पळायचं, रात्री घरी दहा. दीड महिन्यात तिची मान धरली आणि भाचीने एकदा विचारलं ‘आज तू आहेस की नाहीस?’ तेव्हा विषय संपला.

अडचण नक्की काय होती

मुंबईत नवीन येणाऱ्याला नकाशावर जे जवळ दिसतं ते जवळ नसतं. लोकलच्या लायनी साधारण उत्तर-दक्षिण जातात, त्यावरून गेलात तर ३० किलोमीटर सोपे, आडवं जायचं म्हटलं की ८ किलोमीटरला घाम फुटतो. बीकेसी पश्चिम रेल्वेच्या वांद्र्याच्या आणि मध्य रेल्वेच्या कुर्ल्याच्या मधे, दोन्हीकडून शेवटचा टप्पा बसने किंवा शेअर रिक्षाने. ऐरोली खाडीच्या पलीकडे, ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लायनीवर.

दाजी इंजिनिअर माणूस, त्यांनी गुगल मॅपवर दोन ऑफिसं टाकली आणि मधोमध बोट ठेवलं, ते आलं विक्रोळीच्या आसपास. ‘दोघांना सारखा त्रास, फेअर आहे’ म्हणाले. ऐकायला बरोबर वाटतं, पण त्रास सारखा नव्हताच मुळी. दाजींचं ऑफिस ११ला म्हणजे गर्दी ओसरल्यावर, त्यांच्याकडे बाईक, पाऊस जास्त असेल तर गाडी. ताईला साडेनऊला पोहोचायचं, म्हणजे ऐन गर्दीत, लोकलनेच, आणि संध्याकाळी भाचीच्या अभ्यासाच्या वेळेला घरी यायचं (हे ‘यायचंच’ कोणी ठरवलं हा वेगळा विषय आहे, त्यावर त्यांच्या घरात दोनदा बोलणं झालं, इथे नको). एकाचे वीस मिनिटं म्हणजे हेल्मेट घालून पूल ओलांडणं आणि दुसरीचे वीस मिनिटं म्हणजे दाराच्या दांड्याला लटकणं, दोन्ही नकाशावर एकच.

पर्याय कोणते होते

ऐरोली. दाजी चालत ऑफिसला, सेक्टरमधले रस्ते सरळ, टूबीएचके ३० हजारांपर्यंत मिळत होता, मावशींना सपाट जमीन आणि बागा. ताईला मात्र ऐरोलीहून ठाणे, ठाण्याला ९-१० नंबरवरून पूल चढून स्लो लोकलच्या फलाटावर, मग कुर्ला, मग बस. तीन वाहनं, चार जिने.

घोडबंदर रोड. दाजींच्या दोन मित्रांनी फ्लॅट घेतलेत, स्विमिंग पूल, क्लब हाऊस, फोटो बघून भाची हरखली. तिथे भेटायला गेलो शनिवारी, ठाणे स्टेशनपासून पोहोचायला पाऊण तास लागला आणि लिफ्टजवळ टँकर कधी येणार याची नोटीस. कासारवडवलीपर्यंतच्या मेट्रोचे खांब उभे होते पण खांबांवर बसून ऑफिसला जाता येत नाही. पंधरा मिनिटांत बाद.

कन्नमवार नगर, विक्रोळी. दाजींचा मध्यबिंदू. मला मनापासून आवडलेली जागा, म्हाडाची जुनी वसाहत, मराठी वस्ती, हायवे शेजारी, विक्रोळीहून कुर्ला तिसरं स्टेशन. पण परवडतील अशी घरं एकतर फार लहान नाहीतर तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय. मावशींनी पहिल्या मजल्यावर थांबून वर पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, ते पुरेसं होतं. कुर्ल्याचं नेहरू नगरही पाहिलं, तिथेही हेच.

डोंबिवली पूर्व. टूबीएचके १७ हजार, लिफ्टसकट. मी पाच मिनिटांवर, माझी बायको भाचीला शाळेतून आणू शकते, मावशींना फडके रोडची दिवाळी पहाट, मंडळं, डॉक्टर, सगळं. कागदावर डोंबिवलीच जिंकत होती, हे मी आजही म्हणतो.

मुलुंड पूर्व. महानगरपालिकेच्या हद्दीतलं मध्य लायनीवरचं शेवटचं उपनगर, पलीकडे लगेच ठाणे. ऐरोली पुलाचं तोंड इथूनच, म्हणजे दाजी बाईकने २०-२५ मिनिटं. टूबीएचके जुन्या सोसायटीत ३८ हजार, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये ४३च्या पुढे. मुलुंड पश्चिमही पाहिलं, दुकानं-मॉल तिकडे जास्त, पण पुलाला जायला ट्रॅकच्या पलीकडे यावं लागतं आणि दोन एजंटांनी नाव विचारायच्या आधी नॉनव्हेज खाता का विचारलं, दाजी म्हणाले चला.

ट्रायलचा आठवडा

मी आग्रह धरला की फ्लॅट ठरवण्याआधी प्रवास बघा, आठवडाभर इथून ऑफिसला जाऊन दाखव. ताईने १३ मे २०२४चा आठवडा घेतला, सलग पाचही दिवस ऑफिसला जायचं ठरवलं, सोमवार ते बुधवार माझ्याकडून, गुरुवार-शुक्रवार मुलुंडला गव्हाणपाड्यात तिच्या मैत्रिणीकडून.

सोमवारी सकाळी मस्त झालं. फास्ट पकडली, लेडीज डब्यात एका बाईंनी तिला शिकवलं की कुर्ल्याला उतरायचंय तर घाटकोपर आल्यावर जागी होऊ नकोस, ठाणे सुटलं की दाराकडे सरकायला लाग, कोण कुठे उतरणार विचारत विचारत. दारापासून दारापर्यंत १ तास ४० मिनिटं. मला म्हणाली जमेल रे.

त्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला छेडा नगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं तो दिवस. मुलुंड-ठाण्याच्या मधे ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि मध्यची लोकल थांबली. ताई कुर्ल्याच्या फलाटावर, हायवे तुंबलेला, माझे फोन लागत नव्हते. लोकल सुरू झाल्या तरी तिला चढता येईना, तीन सोडल्या, चौथीत कशीबशी. घरी आली तेव्हा पावणेदहा वाजले होते, केसात धूळ, चप्पलचा एक बंद तुटलेला. मी वरण-भात वाढला, ती काही बोलली नाही.

मंगळवार-बुधवार ठीक गेले, १ तास ३५, १ तास ४५. गुरुवारी-शुक्रवारी मुलुंडहून ६२ आणि ६८ मिनिटं. मुलुंडला एक गंमत आहे, ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकल असतात, मुलुंड हे त्यांचं पहिलंच स्टेशन, त्यामुळे निदान आत उभं राहायला जागा मिळते, नशीब असेल तर बसायलाही. कुर्ल्याला उतरून पश्चिमेला ३१० नंबरची बस किंवा शेअर रिक्षा.

काय ठरलं आणि कसं

शनिवारी माझ्या घरी सगळे बसलो. मी वही काढली. मुलुंड आणि डोंबिवलीच्या भाड्यात महिन्याला २१ हजारांचा फरक, ११ महिन्यांचे २ लाख ३१ हजार. आणि वाचतं काय, तर दिवसाला दोन्ही वेळचा मिळून साधारण सव्वा तास, तोही आठवड्यातले ३ दिवस. नाशिकच्या फ्लॅटचं भाडं येणार १४ हजार, म्हणजे डोंबिवलीत ते जवळजवळ फुकट राहिले असते.

ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू सांगतोस ते रोजचं. मला सोमवारचं सांग. परत सोमवार झाला तर मी मुलुंडला कशी जाईन आणि डोंबिवलीला कशी जाईन?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुर्ल्याहून मुलुंड म्हणजे एलबीएस रोडने रिक्षा, बेस्टची बस, अगदीच काही नाही तर कोणाच्यातरी गाडीत विक्रोळीपर्यंत आणि पुढे चालत. दोन तास लागतील पण रस्ता आहे. डोंबिवलीला तेव्हा रेल्वे बंद म्हणजे रस्त्याने शीळफाट्याचा लांबचा फेरा, रात्री कोणता रिक्षावाला येणार. दाजी तेवढ्यात म्हणाले की ऐरोलीहून तर अशा दिवशी मीच बाईकने घ्यायला येईन, आणि ते खरंच विचार करण्यासारखं होतं, पण तोपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात मुलुंड बसलं होतं. ऐरोलीहून ताईने एकदाही ट्रायल केली नाही. का नाही केली याला कोणाकडेच नीट कारण नाही, आठवडा संपला एवढंच.

मग दोन दिवसांत अकरा घरं पाहिली. हरिओम नगर स्वस्त वाटलं पण ते टोलनाक्यापलीकडे, स्टेशन लांब, आणि मुलुंडचं कचऱ्याचं डम्पिंग २०१८ला बंद झालं असलं तरी आम्ही गेलो त्या दिवशी वारा तिकडून होता. शेवटी मिठागर रोडकडची एक जुनी चार मजली सोसायटी, पहिला मजला, लिफ्ट नाही, भाडं ३८, डिपॉझिट दीड लाख, एजंटला एक महिन्याचं भाडं. ४३ हजारांचा लिफ्टवाला फ्लॅट हातात होता, तो सोडला. ‘एकच तर मजला आहे’ असं आम्ही चौघांनी ठरवलं, मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या ‘तुम्ही म्हणाल तसं’, आणि आम्ही त्याचा अर्थ हो असा घेतला.

करार ११ महिन्यांचा, रजिस्टर केला, मुद्रांक आणि नोंदणी मिळून दोन हजारांच्या थोडं वर. काही मालक नोटरी करू म्हणतात, ऐकू नका, महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि न केल्याची जबाबदारी मालकावर असली तरी भांडण झालं की धावपळ भाडेकरूचीच होते.

शाळेचं घाईत झालं. आधी सीबीएसई हवं होतं पण त्यांचं वर्ष एप्रिललाच सुरू झालेलं, जागा नाही. मग स्टेट बोर्डाची सेमी-इंग्लिश शाळा, घरापासून चालत नऊ मिनिटं. नाशिकच्या शाळेतून दाखला मिळायला ९ दिवस गेले कारण मे महिन्यात शाळेचं ऑफिस अर्धा वेळ बंद. १५ जूनला भाची वर्गात बसली.

पुढे काय झालं

सामान हलवलं १ जूनला, आणि त्याच वेळी ठाण्याला फलाट रुंद करायला रेल्वेने ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतलेला. टेम्पो आला वेळेवर पण मदतीला येणारा मी डोंबिवलीत अडकलो. ताईने फोनवर एवढंच म्हटलं, ‘बघ.’

८ जुलै २०२४ला मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत ६ तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, लोकल कोलमडल्या. ताईने सात वाजता खिडकीतून पाहिलं आणि घरून काम करते असं कळवलं. म्हणजे ज्या वाईट दिवसासाठी मुलुंड निवडलं त्या दिवशी ती घरातच होती, हे मी तिला ऐकवलं, आणि तिचं म्हणणं असं की वाईट दिवस सकाळी सात वाजता सांगून आला तर तो वाईट नाहीच, वाईट तो जो तुम्ही ऑफिसात असताना येतो. तसे दोन आले त्या पावसाळ्यात, एकदा ती घाटकोपरहून बसने आली, एकदा ऑफिसातल्या तिघींनी मिळून रिक्षा केली. दोन्ही वेळा दोन तासांच्या आत घरी.

ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, ऐरोली नाकाही त्यात. दाजी पावसात गाडी काढायचे तेव्हा एका वेळचे ४५ रुपये जायचे, ते वाचले. त्याच महिन्यात बीकेसीला मेट्रो आली, पण आरेकडून, आमच्या लायनीला तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता.

जानेवारी २०२५ला ताईच्या ऑफिसने पाचही दिवस यायला सांगितलं. इथे माझी वही पूर्ण उलटली, कारण माझा सगळा हिशोब ३ दिवसांवर होता. डोंबिवलीत असते तर तिने नोकरी सोडली असती असं ती म्हणते, मला तसं वाटत नाही, पण घरातली भांडणं नक्की वाढली असती.

मार्चमध्ये मालकाचा फोन आला, सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय, करार संपल्यावर वाढवता येणार नाही. जुन्या मुलुंड पूर्वेत गल्लीगल्लीत हेच चालू आहे, पत्रे ठोकलेले प्लॉट दर पन्नास पावलांवर. मालकाला नवा फ्लॅट आणि बांधकाम होईपर्यंत बिल्डरकडून भाडं, भाडेकरूला टेम्पोचा नंबर. बाहेर पडल्यावर कळलं की आम्ही घर पाहायला गेलो त्याच्या आधीच मीटिंगा सुरू होत्या, खाली जिन्यापाशी नोटीस बोर्ड होता, त्यावर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागलेली असणार. आम्ही अकरा घरांचे नळ उघडून पाहिले, फ्लश दाबून पाहिले, बोर्ड एकही वाचला नाही.

एप्रिल अखेरीस तिथून एक किलोमीटरवर दुसऱ्या घरात गेले, सातवा मजला, लिफ्ट, स्टेशन आठ मिनिटं, भाडं ४३. म्हणजे आदल्या वर्षी जो आकडा नको म्हणून सोडला तोच. डिपॉझिट २ लाख, परत एजंट, टेम्पो ९ हजार. आधीच्या मालकाने रंगाचे ६ हजार कापून बाकी डिपॉझिट परत दिलं, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि मावशी. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. जुन्या घरात त्या तब्बल तीन महिने खाली उतरल्याच नव्हत्या, दवाखान्याचे दोन दिवस सोडले तर. ‘गुडघे दुखतात’ म्हणायच्या आणि आम्ही मलम आणायचो. लिफ्टवाल्या घरात आठ दिवसांत त्यांनी भाजीवाला, देऊळ, खालच्या बाकावरच्या चार बायका असं सगळं शोधलं, आता संध्याकाळी फोन केला तर उचलत नाहीत.

परत करायचं झालं तर

ताई, दाजी आणि मी यावर वेगवेगळं सांगतो, म्हणून तिघांचंही लिहितो.

ताईच्या मते ट्रायल मेमध्ये घ्यायला नको होती. शाळा-कॉलेजं बंद, निम्मी मुंबई गावाला, त्या गर्दीवरून काढलेले ६२ आणि ६८ मिनिटं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ७५-८० झाले. तिने जूनचे पहिले तीन आठवडे मैत्रिणीकडे किंवा माझ्याकडे काढून मग घर घ्यायला हवं होतं, पण भाचीची शाळा १५ला सुरू होत होती, त्यामुळे हे बोलायला सोपं आहे.

दाजींना ऐरोलीचं अजून वाटतं. त्यांचं म्हणणं, ठाण्याऐवजी बाईकने सकाळी ताईला मुलुंड किंवा कांजूर स्टेशनला सोडलं असतं तर ऐरोलीचा प्रवास मुलुंडपेक्षा फार तर वीस मिनिटं जास्त झाला असता आणि महिन्याला ८ हजार वाचले असते. हे खरं की खोटं ते कधीच कळणार नाही कारण आम्ही करून पाहिलं नाही. माझा अंदाज, पावसाळ्यात चार दिवसांत हे मोडलं असतं.

माझं म्हणाल तर मी लिफ्टसाठी महिना ५ हजार जास्त द्यायला लावले असते, आणि मावशींना बैठकीत सगळ्यांसमोर न विचारता वेगळं विचारलं असतं. आणि प्रत्येक सोसायटीत वॉचमनला आधी एकच प्रश्न, बिल्डिंग पाडायचं बोलणं चालू आहे का? एजंट सांगत नाही, मालक सांगत नाही, वॉचमन सांगतो.

९ जून २०२५ला सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली. माझी रोजची वेळ तीच. बातमी आल्यावर पहिला फोन ताईचा, ‘कुठे आहेस?’ मी ठाण्याला पोहोचलो होतो. ती काही वेळ बोलली नाही आणि मग ठेवून दिला. दुपारी तिने मला मुलुंड पूर्वेतल्या एका वनबीएचकेची लिंक पाठवली, भाडं २८ हजार, लिफ्ट आहे, आणि खाली लिहिलं होतं, वॉचमनला विचारलंय, पाडणार नाहीत. मी अजून उत्तर दिलेलं नाही, बायको म्हणते आधी वही काढ.